ताटलीच्या आवाजाला येणारी हरणं

मुलांनो, डोळे मिटा जरा, आणि एक डोंगर समोर आणा. आपल्याकडचा कड्यांचा, सुळक्यांचा नको. हा बसून राहिलेल्या म्हशीसारखा पसरट. पाठीवर झाड नाही. फेब्रुवारीत वाळलेल्या नेच्यानं तांबूस झालेला, आणि वरच्या अंगाला नुसती काळी, ओली दलदल. पायथ्याशी सात घरं. प्रत्येक घरामागे शेत, शेताच्या वरच्या कडेला दगडावर दगड रचलेला गडगा, गडग्यात एक फाटक, आणि फाटकापलीकडे डोंगर; खाली लेन, म्हणजे अरुंद रस्ता, आणि त्या अंगाला दुसरं फाटक. आता त्यातल्या शेवटच्या घरामागे, गोठलेल्या चिखलात उभे राहा. कान दुखतायत थंडीनं? बोटं बगलेत घाला. दिसलं सगळं? आता सांगा, खालचं फाटक कुठंय?

फाटक जागेवर नव्हतं.

शर्वाणीला सकाळी सकाळी तेच दिसलं. लेनकडचं खालचं लोखंडी फाटक चिखलात आडवं पडलेलं होतं आणि तिच्या बारा गाभण मेंढ्या रस्त्यावर पांगल्या होत्या. बिजागरीच्या खिळ्या कुणीतरी काढून गडग्यावर शेजारी शेजारी नीट ठेवल्या होत्या. तिनं आधी मेंढ्या आत घेतल्या. मग फाटकाखाली खांदा घातला. बर्फासारखं लोखंड मानेला लागलं तशी ती ओठ चावून थांबली, पुन्हा रेटलं. तिसऱ्या खेपेला एक खिळी बसली. तेवढ्यात मागून ओळखीची फटफट ऐकू आली. शेजारचा डोनल क्वाडवरून, चार जाड चाकांच्या फटफटीवरून, येत होता, मागच्या पेटीत त्याचा कुत्रा.

डोनल साठीचा, लाल तोंडाचा. दोन वर्षांपूर्वी शर्वाणी, तिचा नवरा आणि मुलगी डब्लिनचं भाड्याचं घर सोडून ग्लेनशीत आली, तेव्हा मेंढी उलटी बसवून खूर कसे कापायचे हे त्यानंच शर्वाणीला शिकवलं होतं. पुण्यात बँकेतल्या कारकुनाच्या घरी वाढलेली, कंपनीतली नोकरी सुटलेली ती बाई. मेंढी अडली तर हात कोपरापर्यंत घालायचा असतो हेही तिला त्यानंच सांगितलं. आज मात्र तो क्वाडवरून उतरला नाही.

"फाटक पडलं वाटतं," तो म्हणाला.

"पडलं नाही. काढलंय कुणीतरी."

"वारा असेल."

"वारा खिळ्या काढून गडग्यावर ठेवतो?"

"या दरीतला वारा शहाणा आहे." त्यानं तिच्या खांद्यावरून वर शेताकडे पाहिलं. "मेंढ्या बाहेर गेल्या तर तुला इतकं लागलं. आमचा अख्खा कळप तू आत धरून ठेवलायस, त्याचं काय?"

शर्वाणीला मागं वळून पाहायची गरज नव्हती. वरच्या शेतात तीसेक हरणं बसलेली असणार, तिच्या मेंढ्यांसाठी राखलेल्या गवतावर. आणि तेवढ्यात, जणू डोनलनं बोलावल्यासारखा, घरामागून तो आवाज आला. सासऱ्यांच्या हातच्या स्टीलच्या ताटलीवर चमच्याचे तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

"या माय! या व, या!"

हरणं उठली. डोनल त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं खाली थुंकून क्वाड वळवला.

"रविवारी सभेला हॉलमध्ये ये," जाता जाता तो म्हणाला. "नवऱ्यालाही आण. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, ताटली जपून ठेव म्हणावं. कामाला येणाराय."

आता या हरणांचं प्रकरण काय होतं ते नीट ऐका, कारण सगळं भांडण तिथून आहे. पूर्वी या डोंगरावरची शिकार डब्लिनमधलं एक सरकारी ऑफिस बाहेरच्यांना देत असे. ते लोक शनिवारी गाड्या घेऊन येत, मोठ्या शिंगांचा नर पाहून मारत, डोकं तेवढं कापून नेत आणि धड तिथंच टाकत. माद्यांना कुणी हात लावत नसे. माद्या वाढल्या, पाडसं वाढली, डोंगर उघडा पडला. एका वाईट हिवाळ्यात उपासमारीनं इतकी हरणं मेली की ओढ्याचं पाणी कुणी जनावरालाही दाखवेना. तेव्हा सात घरं एक झाली. वर्षानुवर्षं त्या ऑफिसशी भांडून त्यांनी करार मिळवला: हरणं मोजायची आम्ही, किती घ्यायची, म्हणजे मारायची, ते ठरवायचं आम्ही, घ्यायचीही आम्हीच. हिवाळ्यात माद्या घ्यायच्या. मादीमागे पाडस असेल तर आधी पाडस, कारण आईवाचून ते जगत नाही. डोंगरावर काही टाकून यायचं नाही. मांस सात घरांत वाटायचं, आणि दर घरानं ओढायला, वाहायला एक माणूस द्यायचं. बदल्यात एकच अट. ठरलेला आकडा फेब्रुवारी संपायच्या आत पुरा झाला पाहिजे. नाही झाला तर करार संपला आणि डोंगर पुन्हा बाहेरच्यांचा.

विहिरीचं पाणी घरासोबत येतं तसा तो वाटा शर्वाणीच्या घरासोबत आला होता. गेल्या हिवाळ्यात तिनं दोर खांद्यावर घेऊन मेलेली हरणं दलदलीतून खाली ओढली होती. दोराचे वळ महिनाभर गेले नव्हते. मांसाचा वाटा घरी आला त्या दिवशी डोनल म्हणाला होता, "आता तू इथली." ते शब्द तिनं कुणाला सांगितले नव्हते, पण जपले होते.

मग ऑक्टोबरात यवतमाळहून सासरे आले.

प्रल्हादरावांची उभी हयात एसटी चालवण्यात गेली होती. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. सुरेखाबाई असेतो त्या घरात गाईला घास दिल्याशिवाय कुणी तोंडात तुकडा घालत नसे. त्या गेल्यावर तो नेम प्रल्हादरावांनी धरला. भाकरी थापता येत नव्हती, ती शिकले. जाडजूड, कडेला फुटलेली, पण रोज एक. इथं गाय कुठली? डोनलच्या गाई गोठ्यात बंद, कानात पिवळे बिल्ले. परक्या हातचं काही खाऊ घालायचं नाही अशी त्याची ताकीद. दोन दिवस प्रल्हादराव दुपारपर्यंत उपाशी बसले. तिसऱ्या दिवशी गडग्यापाशी एक हरणी आली, डावा कान फाटलेली. त्यांनी भाकरी पुढं केली. तिनं हुंगली आणि खाल्ली.

"चार पाय हायेत, रवंथ करते," ते घरात येऊन म्हणाले. "शिंगं नाईत तं नाईत. तिले घास देल्ला तं सुरेखाले पोचला मी समजतो."

आणि ते हसले होते. दीड वर्षात पहिल्यांदा. शर्वाणीनं ते हसणं पाहिलं आणि गप्प राहिली. भाकरीमागून मेंढ्यांच्या खाद्याची बादली जाऊ लागली तेव्हाही गप्प राहिली. ताटलीचा ठोका ऐकून एकीच्या मागून दहा, दहांच्या मागून सगळा कळप गडगा ओलांडून आत उतरला, तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. शेत घराला आणि रस्त्याला लागून. तिथं बंदूक चालवता येत नाही. शिवाय डोंगराचा जुना नियम: चाऱ्याला आलेलं जनावर मारायचं नाही. वर डोंगर रिकामा, आकडा अर्धाही झालेला नाही, आणि महिना संपत आलेला.

रविवारी हॉलमध्ये एक बाई चहाचे कप घेऊन फिरत होती. ती शर्वाणीपुढून गेली आणि पुढच्या खुर्चीपाशी थांबली. विनयच्या ते लक्षातही आलं नाही. शर्वाणीचा हा नवरा आठवड्यातले तीन दिवस सॅलिन्स स्टेशनवरून ट्रेन पकडून डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जायचा, उरलेले दोन दिवस माळ्यावर बसून तेच काम करायचा. माणसं एकमेकांशी नीट बोलली की प्रश्न सुटतात असं त्याला मनापासून वाटे. तो उभा राहिला.

"आमचं चुकलं असेल," तो म्हणाला. "पण टेक्निकली पाहिलं तर ते शेत आमची खाजगी जागा आहे, आणि हरणं काही आम्ही बांधून..."

"टेक्निकली," मागून कुणीतरी म्हटलं. हशा झाला. तो हशा थांबेपर्यंत विनय उभाच होता, हातातल्या मोबाइलचं काय करावं ते न कळून. मग बसला.

डोनल भिंतीला टेकून उभा होता. "माझ्या बापानं या करारासाठी हाडं झिजवली," तो म्हणाला. "तो गेला तेव्हा कागदावरची शाई ओली होती. आणि आता आमचा डोंगर जाणार तो कशापायी? तर एक म्हातारा हरणांना पोळ्या खिलवतो म्हणून."

"भाकरी," शर्वाणी म्हणाली. तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही."

"माझं म्हणणं सरळ आहे. म्हाताऱ्याला ताटली घेऊन डोंगरावर बसवा. तो वाजवेल, ती येतील. आपण दगडांमागे बसू. अर्ध्या तासात आकडा पुरा."

कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली ईमर उठली. चाळिशीची, रुंद खांद्यांची. सात घरांतर्फे नेम धरायचं काम तिचं, आधी तिच्या आईचं.

"मी नाही मारणार," ती म्हणाली. "जेवायला बोलावून मारणं ही शिकार नाही. असं मारायचं तर बाहेरचे काय वाईट होते?"

"मग तू सांग उपाय!"

"त्यांना आत घेतलं ज्यांनी, त्यांनीच बाहेर काढावं. कळप शेताबाहेर, डोंगरावर गेला पाहिजे. तिथं गेला की मग तो डोंगराचा, आणि माझं काम माझ्यावर." ती शर्वाणीकडे वळली. आवाजात माया नव्हती. "शनिवारपर्यंत. जमणार नसेल तर आत्ता सांग."

"आणि नाही जमलं तर?" डोनल म्हणाला. "त्या घराचा डोंगरावरचा वाटा काढून टाका. हात वर करा."

हात वर झाले. शर्वाणीनं मोजले नाहीत. चहा वाटणाऱ्या बाईनंही कप खाली ठेवून हात वर केला, एवढं तिनं पाहिलं.

गाडीत विनय म्हणाला, "गेला तर गेला वाटा. आपल्याला काय करायचाय तो? मटण सुपरमार्केटमध्ये मिळतं."

"तू ओढलंयस का एकदा तरी काही त्या डोंगरावरून?" तिनं विचारलं.

सोमवारपासून तिनं हाकायला सुरुवात केली. आधी फरसाणाच्या डब्यांसारखं खडखडणारं खाद्याचं पिंप परसातून उचलून घरात, जिन्याखाली ठेवलं. मग वरचं फाटक सताड उघडलं आणि काठी घेऊन शेताच्या खालच्या कोपऱ्यातून चालू लागली. हरणं उठली, सावकाश पुढं गेली, फाटकाशी पोचली, आणि पाणी दगडाला वळसा घालतं तशी तिच्या दोन्ही अंगांनी मागं आली. पुन्हा. भुरभुर पाऊस तिरका येत होता, त्यात बर्फाची कणी. दुपारपर्यंत तिच्या गमबुटांत पाणी शिरलं. डाव्या टाचेची साल निघाली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. चालवणाऱ्यानं वेग कमी केला, तिची एक फेरी पुरी होईतो पाहिलं आणि हॉर्न वाजवून पुढं गेला. मंगळवारी तेच. बुधवारी तिनं घरातली जुनी चादर काठीला बांधून फडकवली. हरणं चादरीला भ्यायली, मेंढ्याही भ्यायल्या, आणि एक गाभण मेंढी गडग्यावर आपटून लंगडायला लागली. शर्वाणी चिखलात गुडघ्यांवर बसली, मेंढीचा पाय चाचपत, आणि तिला आपलेच हात कुणा दुसऱ्याचे वाटले.

खाद्य बंद झालं तरी हरणं हटेनात. सकाळी गडग्यापाशी येऊन घराकडे तोंड करून उभी राहत. सगळ्यांत पुढं फाटक्या कानाची.

आणि आत प्रल्हादराव जेवत नव्हते.

"दोन घास खा, बाबा," बुधवारी संध्याकाळी शर्वाणी म्हणाली. तिची टाच बादलीत होती.

"घास देल्ला नाई, तं जेवू कसा?"

"मी दिवसभर काय करतेय दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसते. मुक्या जनावरामांगं काठी घेऊन पयतं."

ती बादलीतून उठली. पाणी फरशीवर सांडलं. "मी पळते, कारण तुम्ही बोलावलंत! ज्या गवतावर माझ्या मेंढ्या पिल्लं घालायच्या ते गवत संपलं. फाटक काढून टाकतात लोक. चहा देत नाहीत. इथं मी दोन वर्षं गुडघे फोडून घेतलेत, बाबा, तेव्हा कुठं कुणी मला नावानं हाक मारायला लागलं होतं."

"मी कोनाचं वाईट केलं? भाकर देल्ली."

"भाकरीनंच केलंत! त्या हरणांचंही. बाहेरचे आले तर नर तेवढे मारतील, आणि हाच कळप पुन्हा उपासमारीनं मरेल. तेव्हा पोचतील का घास आईंना?"

आपण काय बोललो ते शर्वाणीला कळलं, पण शब्द परत घेता येईनात. जिन्याच्या पायरीवर स्वरांगी बसली होती. अकरा वर्षांची, शाळेच्या स्वेटरमध्येच. तिला सगळं मराठी कळे, पण बोलायची ती इंग्रजीत, आणि तेही डोनलच्या नातवासारखं. आजोबांची भाकरी तिला कधी आवडली नव्हती. कोरडी आहे म्हणायची, टोस्ट मागायची. ताटली वाजवायला मात्र तिला भारी आवडे. शनिवार-रविवार आजोबा ताटली तिच्या हातात देत, आणि हरणं तिच्याही ठोक्याला येत.

"आजोबा," तिनं अडखळत मराठीत विचारलं, "त्या हरणी तुमच्यासाठी येतात की खाण्यासाठी?"

प्रल्हादरावांनी नातीकडे पाहिलं. मांडीवर ताटली होती. तिच्या काठावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं: सौ. सुरेखा प्र. बोंडे. यवतमाळच्या भांड्यांच्या दुकानात, यंत्र कुरकुरत असताना सुरेखाबाई शेजारी उभ्या राहून अक्षर न् अक्षर तपासत होत्या, ते त्यांना आठवत होतं.

"मले काय मालूम, माय," ते शेवटी म्हणाले. "इचारलं नाई कधी."

शनिवारी आभाळ खाली आलं होतं, पण पाऊस नव्हता. सातांपैकी सहा घरांची माणसं लेनमध्ये जमली. गाड्यांची दारं आपटली. कुणी शर्वाणीला नमस्कार केला नाही. विनय आज घरी होता. तो कुंपणापाशी हात खिशात घालून उभा राहिला. हरणं वरच्या शेतात होतीच.

डोनल सरळ मागच्या दाराशी आला. हातात खाद्याची बादली होती, स्वतःच्या घरून आणलेली.

"हाकून जमलं नाही ना," तो म्हणाला. "बोलाव त्याला."

प्रल्हादराव दारातच होते. कानटोपी, विनयचे ढगळ गमबूट, छातीशी ताटली. पाच दिवसांत गाल आत गेले होते. कोटाचा एक खिसा फुगलेला होता. पहाटे उठून त्यांनी भाकरी थापली होतीच.

"तो काय म्हणते?" त्यांनी सुनेला विचारलं.

शर्वाणीनं सांगितलं. शब्द मऊ करून सांगायचा प्रयत्नही केला नाही.

"नाई," ते म्हणाले. "हातानं घास द्याचा अन् त्याच हातानं बंदुकीले मान दाखवाची? मी नाई वाजवत. सांग त्याले."

"नाही म्हणतात," शर्वाणी म्हणाली.

"मग मी वाजवतो. दे इकडं." डोनलनं ताटलीचा काठ धरला. म्हाताऱ्यानं सोडली नाही. क्षणभर दोघं तसेच, एका ताटलीला दोन टोकांनी धरून, एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत उभे राहिले. विनय "अहो, अहो" करत पुढं आला. कुत्रा भुंकायला लागला.

"सोड, डोनल," शर्वाणी म्हणाली. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, मेंढी धरायला त्यानंच शिकवलं होतं तसं, अंगठा आत घालून. "तुझ्या हातानं ती येणार नाहीत. बाबा आणि माझी मुलगी, दोघांनाच ओळखतात."

हे बोलल्यावर सगळ्यांनी एकदम जिकडं पाहिलं तिकडं तिनंही पाहिलं. स्वरांगी गमबूट घालून, केस बांधून तयारच उभी होती.

"मी जाते," ती म्हणाली. "मी त्यांना फाटकाबाहेर नेते. पण तुम्ही सगळे इथंच थांबायचं."

"नाही," शर्वाणी म्हणाली.

"आई, तू पाच दिवस मागून हाकलंस. ती पुढून येतात."

मग ईमरनं आपली रायफल उघडली, आतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि मोकळी बंदूक गाडीत ठेवली. "पोर परत येईतो कुणाचीही बंदूक भरलेली नको," ती म्हणाली. "डोनल, तुझीही. काढ."

"बादली तरी घेऊन जा," डोनल गुरगुरला. "वर, मोठ्या खडकापाशी ओत. तिथं थांबतील खात. पुढचं आम्ही बघू."

स्वरांगीनं बादलीकडे पाहिलं, हात लावला नाही. आजोबांपुढं जाऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. प्रल्हादरावांनी ताटली दिली. चमचा दिला. देताना त्यांचा अंगठा कोरलेल्या नावावरून एकदा फिरला.

ती शेतातून वर चालू लागली. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन. हरणांचे कान उभे झाले. फाटक्या कानाची पुढं आली, मागून तिचं पाडस, मग दुसरी, मग सगळी. शर्वाणी खालून पाहत होती: लाल जाकीट वर वर जातंय आणि त्यामागे करड्या पाठींची रांग. पाच दिवस पायांची साल काढून जे झालं नाही ते एका चमच्यानं होत होतं, आणि तिला त्याचा आनंद होत नव्हता. ती गडग्याच्या कडेनं, अंतर ठेवून, मागं निघाली. तिच्यामागून ईमर, डोनल आणि बाकीचे. प्रल्हादराव विनयचा दंड धरून सगळ्यांत मागं, दर चार पावलांना थांबत.

स्वरांगी वरच्या फाटकातून बाहेर पडली. हरणंही पडली. ती चढत राहिली. नेचा मागं पडला, दलदल सुरू झाली. तिथं काळ्या पाण्याचं एक डबकं होतं, शेवाळलेलं, तळ नसलेलं. त्याच्या काठाशी मेंढी फिरकली तरी डोनल शिव्या घालायचा. मोठा खडक त्याच्या पलीकडे. स्वरांगी डबक्याशी थांबली आणि वळली. हरणं तिच्याभोवती अर्ध्या गोलात उभी राहिली. तोंडांची वाफ दिसत होती. फाटक्या कानाची मान पुढं करून तिच्या हातातली रिकामी ताटली हुंगू लागली.

"खडकापर्यंत!" फाटकापाशी पोचलेला डोनल ओरडला. "अजून वर ने, खडकापर्यंत!"

स्वरांगीनं त्याच्याकडे पाहिलं. मग आजोबांना शोधलं. ते फाटकाच्या खांबाला धरून धापा टाकत होते. तिनं ताटली दोन्ही हातांत घेतली, कमरेत वाकली आणि अंगातली सगळी ताकद लावून डबक्यात फेकली.

ताटली आडवी गेली, एकदा चमकली आणि पाण्यावर फाडकन आपटली. कळप उसळला. इशाऱ्याची एक शीळ घुमली, कुठल्याशा हरणीची, आणि सगळी हरणं पांढरी ढुंगणं दाखवत वर पळाली, खडकाच्या दोन्ही अंगांनी, माथ्याकडे. मागं चिखलात खुरांची भोकं राहिली आणि त्यांत पाणी भरू लागलं. स्वरांगीनं चमचाही फेकला.

"अरे देवा," विनय म्हणाला. "आईची ताटली."

डोनलनं अशी शिवी घातली की कुत्राही दबला. "अर्ध्या तासाचं काम होतं! आता दिवसभर पालथा घाला डोंगर!"

"घालू की," ईमर म्हणाली. "डोंगरावर आहेत. कुणी बोलावलेली नाहीत. रात्र पडायला खूप वेळ आहे." ती गाडीकडे वळली, मग थांबली. "दर घराचं एक माणूस ओढायला लागेल. सातही घरांचं."

शर्वाणीनं खांद्यावरचा दोर नीट केला. तो तिनं सकाळीच आणला होता. डोनल तिच्याजवळून गेला. त्याचं तोंड अजून तसंच लाल होतं.

"वाटा राहिला म्हणून हुरळू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात बघतो मी."

"बघ," ती म्हणाली, आणि फाटक ओढून घेतलं. बाहेरून साखळी घातली.

स्वरांगी खाली येत होती. एका बुटात पाणी भरलं होतं, चालताना चुबुक चुबुक वाजत होतं. प्रल्हादरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते डबक्याकडे पाहत होते, जिथं पाणी केव्हाच स्थिर झालं होतं. आता ती काहीतरी बोलेल, सॉरी म्हणेल, असं शर्वाणीला वाटलं.

आजोबांच्या कोटाच्या फुगलेल्या खिशात स्वरांगीनं हात घातला आणि भाकरी बाहेर काढली. गार, जाड, कडेला फुटलेली. मधोमध मोडली. एक अर्धी त्यांच्या हातात ठेवली, आणि दुसरी, त्यांच्यासमोर उभी राहून, स्वतः खायला लागली.